ऑक्टोबरात नागपूरच्या तलावांवर बदकं का सापडत नाहीत

प्रश्न असा आला आहे: "सर, मी मनीषनगरात राहतो. पक्षी पाहायला लागून दीड वर्ष झालं. मागच्या ऑक्टोबरात चार रविवार अंबाझरी, गोरेवाडा, पारडगाव, सायकी असा फिरलो. टिबुकल्या, बगळे आणि वारकरी पक्षी सोडून काही नाही. सगळे म्हणतात स्थलांतर सुरू झालं, मग बदकं आहेत कुठे? दुसरं, आठ नोव्हेंबरला हिंगण्याच्या पुढे विजेच्या तारेवर सहा बारीक ससाणे बसले होते. पाय नारिंगी, अंग खालून पांढरं आणि त्यावर ठिपके. डावीकडून दुसऱ्याची मांडी जरा लालसर. फोटो काढले आहेत. ते अमूर ससाणे असतील का? तिसरं, पांढुरका भोवत्या या शिकारी पक्ष्याची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर तिथल्या परीक्षकाने दोनदा पुरावा मागितला. मनाला लागलं. आणि शेवटचं, शरदातले दुर्मिळ पाहुणे बघायचे तर नागपुरात जायचं कुठे?"

भाऊ, तुमचे चार रविवार वाचून मला माझी पहिली पाच वर्षं आठवली. दसऱ्याच्या सुट्टीत सायकलवर फुटाळा आणि अंबाझरी करायचो, हात हलवत परत यायचो आणि घरी सांगायचो की यंदा पक्षी उशिरा येताहेत. पक्षी वेळेवरच आलेले असायचे. पाण्याकडे कसं बघायचं हे मला कळत नव्हतं.

आपले तलाव कसे बांधलेत ते आठवा. एका अंगाला बांध, समोरच्या अंगाला हळूहळू चढत जाणारी जमीन. पाऊस बरा झाला की ऑक्टोबरात पाणी त्या चढावर पार बेशरमाच्या झुडपांत आणि बाभळींच्या बुंध्यापर्यंत गेलेलं असतं. म्हणजे तलाव भरलेला, पण काठ गायब. आता टिलव्याचा विचार करा. चिमणीएवढा जीव, पायाची नळी दोन-अडीच सेंटिमीटरची. त्याला ओला, उघडा चिखल लागतो. थापट्या, चक्रांग, तलवार बदक ही बुडी मारणारी बदकं नाहीत. डोकं खाली, शेपूट वर करून चोच पोचेल तेवढ्या पाण्यातलं ती खातात. वीतभर ते हातभर खोल पाणी त्यांचं ताट. काठोकाठ भरलेल्या तलावात असं ताट मांडलेलंच नसतं. नोव्हेंबरात गहू-हरभऱ्याला पाणी सुटतं, पातळी उतरू लागते, दर आठवड्याला चिखलाची नवी पट्टी उघडी पडते आणि तिच्या मागोमाग गाळपेर करणारे येतात. तेव्हा कुठे आपल्याला "पक्षी आले" असं वाटतं. त्यांतले बरेच महिनाभर आधीपासून जिल्ह्यात असतात.

२०२३ साली २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी माझ्या नेहमीच्या तलावांवर दिवाळीपर्यंत मला चिखलाची पट्टी म्हणून दिसली नाही. उलट ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षीचा ऑक्टोबर जानेवारीसारखा असतो. म्हणून शरदात कुठे जायचं हे ठरवताना मी आधी यंदा तलाव किती भरले ते विचारतो. कोणत्या तलावावर मागच्या वर्षी काय दिसलं, याला दुसरा नंबर.

मग भरलेल्या वर्षी पाहायचं कुठे? बांधाच्या मागे. सगळे लोक बांधावर चढून पाण्याकडे तोंड करून उभे राहतात. तुम्ही एकदा पाण्याकडे पाठ करा. बांधातून पाझरणाऱ्या पाण्याने खालची शेतं ओली राहतात, सांडव्याखाली डबकी साचतात. ठिपक्यांची तुतारी, हिरवी तुतारी, पाणलावा, पिवळे धोबी हे सगळे मला सप्टेंबर-ऑक्टोबरात तलावापेक्षा त्याच्या पाठीमागे जास्त भेटले आहेत. मौदा, रामटेककडे धानाच्या बांध्या आहेत, तिथेही तेच. मुरमाच्या जुन्या खाणी, वीटभट्टीसाठी माती काढलेले खड्डे, गावाबाहेरचं गुरांनी तुडवलेलं तळं, अशा जागांना कोणी जागा म्हणून मोजत नाही. म्हणूनच तिथे आधी जा. वास सहन होत असेल तर भांडेवाडीकडचा सांडपाण्याचा पट्टाही. चिखल तिथे बारा महिने असतो. शिवाय तिथल्या कचरा डेपोवरच्या शेकडो घारींत ऑक्टोबरनंतर उत्तरेकडच्या काळ्या कानाच्या घारी मिसळलेल्या असतात. अंगाने जरा भरदार, पंखाखाली मोठा पांढरा डाग. घार म्हणून सोडून दिलेला पक्षी पुन्हा बघायला लावणारी ही चांगली तालीम आहे.

कन्हान नदी विसरू नका. पूर ओसरला की ऑक्टोबरात रेतीची बेटं वर येतात आणि चक्रवाकाची पहिली जोडी मला बहुतेक वर्षी तलावावर न दिसता अशा बेटावर दिसली आहे. भगव्या रंगाचं एवढं मोठं बदक, त्याला ओळखायला दुर्बीणही लागत नाही. पण रेतीघाट सुरू झाले, ट्रॅक्टर नदीत उतरले, की बेट रिकामं होतं. म्हणजे तुमच्या हातात मधले काही आठवडेच असतात.

शिंगाड्याच्या तलावांचं गणित निराळं. पूर्वेकडच्या पुष्कळ गावतलावांत ढिवर मंडळी शिंगाडा लावतात आणि ऐन शरदात तोडणी चालते. पाणी हिरव्या पानांनी झाकलेलं, रोज डोंगा फिरतो. तिथे बदकं उतरणार नाहीत, पण पानांवर चालणारे कमळपक्षी आणि काठच्या गवतात जांभळ्या पाणकोंबड्या हमखास. त्या डोंगेवाल्याला मात्र विचारा. "यंदा बदक आलं का, कोणत्या कोपऱ्यात बसते?" माझ्या दहा उत्तम नोंदींपैकी तीन तरी अशा माणसांनी बोट दाखवून दिलेल्या आहेत. तो पक्ष्याचं नाव पुस्तकातलं सांगणार नाही. "शेपटीवालं", "लाल डोक्याचं", "रात्री शिट्टी मारते ते" असं सांगेल. शिट्टी मारणारी अडई निघते, ती आपली इथलीच. लाल डोक्याची असेल तर लालसरी. तेवढ्यावर तुमचं काम भागतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरातली बदकं समोर दिसली तरी ओळखता न येण्याचं आणखी एक कारण आहे, आणि त्यात मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. उत्तरेकडे विणीचा हंगाम संपला की नर आपली भरजरी पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखे मळकट दिसतात. भुवई बदक सगळ्यांत आधी येतं, सप्टेंबरात, कधी त्याआधीही. पुस्तकात त्याच्या नराला डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली पांढरी, रुंद भुवई दाखवलेली असते आणि आपण ती शोधत बसतो. सप्टेंबरातल्या नराला ती नसतेच. वीसेक वर्षांपूर्वी उमरेड रस्त्यावरच्या एका तलावावर मला तपकिरी बदकांत एक असं दिसलं की चोचीच्या मुळाशी गोल, फिकट ठिपका. बैकल बदक! सैबेरियातलं, भारतात अगदी क्वचित येणारं. हात थरथरत होते. घरी पोचायच्या आत चार जणांना फोन केले. दुसऱ्या दिवशी त्यांतले दोघे आले, त्यांनी शांतपणे स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, लावला आणि एकाने मला विचारलं, "गालावरची ही काळी रेघ तुला काल दिसली नव्हती का?" चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका भुवई बदकाच्या मादीलाही असतो. तिच्या चेहऱ्यावर मात्र पट्ट्यांची आखणी असते, डोळ्यातून एक गडद रेघ आणि तिच्याखाली गालावर दुसरी. ती रेघ मी पाहिली होती. फक्त मोजली नव्हती, कारण मला बैकल हवं होतं.

तेव्हापासून शरदातल्या बदकांना मी रंगावरून ओळखत नाही. थापट्याची फावड्यासारखी चोच पिसं बदलली तरी तीच राहते. तलवार बदकाची मान लांब आणि चोच राखी. चक्रांग सगळ्यांत लहान, पंखावर हिरवा आरसा म्हणजे चमकता पट्टा, शेपटीच्या बुडाशी फिकट रेघ. गडवाल बसलेलं असताना पाठीमागे पांढरा चौकोन डोकावतो. बदक उडालं की पंख बघा, बसलं की चोच बघा.

आता तुमच्या तारेवरच्या सहा जणांकडे येतो. वर्णन आणि तारीख दोन्ही जुळतात. खालून पांढरं अंग, त्यावर काळसर ठिपके, पाय नारिंगी, आणि एकटा नसून थवा. अमूर ससाण्याच्या माद्या किंवा या वर्षीची पिल्लं. नर असता तर अंगभर पाटीसारखा राखाडी, मांड्या विटकरी आणि उडाला की पंखाखालचा पुढचा भाग पांढराशुभ्र चमकला असता. गोंधळ दोघांशी होतो. एक आपली खरुची. तिची पाठ विटकरी असते, पाय पिवळे, आणि ती बहुधा एकटी असते. दुसरी कापशी, जी आपल्याकडे वर्षभर तारेवर बसते. पांढरी-राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. हवेत एका जागी फडफडत थांबणं या तिघांनाही येतं, त्यामुळे "घिरट्या घालत होता" एवढ्यावरून काही ठरवू नका. अमूर बसलेला असताना पंखांची टोकं जवळजवळ शेपटीच्या टोकाला टेकतात, हे तुमच्या फोटोत दिसतं का ते बघा. आणि सहाही पक्षी एक-एक करून तपासा. अमूरच्या थव्यांत छोटी खरुची असू शकते. तिची नखं फिकट, खरुचीची काळी. तारेवरच्या पक्ष्याची नखं बघणं हा वेडेपणा वाटेल, पण चांगल्या फोटोत ती दिसतात.

हा पक्षी इथे कसा येतो हे एकदा नकाशावर बोट फिरवून बघावं. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका मोठ्या संत्र्याएवढं. वीण सैबेरियाचा आग्नेय भाग, मंगोलिया, उत्तर चीनकडे. हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे. ऑक्टोबरच्या शेवटी नागालँड-मणिपूरच्या डोंगरांत लाखोंनी जमतात, उधईवर म्हणजे वाळवीवर ताव मारून अंगावर चरबी चढवतात आणि मग निघतात. नागालँडमधल्या दोयांग जलाशयाकाठी २०१२ साली त्यांची जाळी लावून प्रचंड कत्तल झाली. ती बातमी जगभर गेली, गावांनी शिकार बंद केली आणि २०१३च्या नोव्हेंबरात तिथे तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं गेलं. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. त्या यंत्रांनी दाखवलं की पक्षी देशाच्या पोटातून आडवा जातो आणि पुढे अरबी समुद्र न थांबता ओलांडतो. वाऱ्याची साथ असेल तर नागालँड ते अरबी समुद्र हे काही दिवसांचंच काम. रस्त्यात आपण आहोत, पण त्याच्या लेखी नागपूर हे स्टेशन नाही. बहुतेक थवे आपल्या डोक्यावरून इतक्या उंचावरून जातात की कोणाला पत्ता लागत नाही.

म्हणून अमूरचा योग कधी येतो? बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, विदर्भावर दोन दिवस ढग आणि रिमझिम असते, वारा फिरतो, तेव्हा ते खाली उतरतात. उघडीप झाल्यावरची पहिली संध्याकाळ आणि दुसरी सकाळ, एवढीच वेळ. सोयाबीन निघालेली शेतं, तुरीचे पट्टे, त्यावर उडणाऱ्या उधईचे किंवा चतुरांचे थवे आणि मध्ये विजेची तार. माझ्या वहीत त्याच्या बहुतेक नोंदी नोव्हेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत आहेत. राज्य सरकारचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, तो त्याच्या मुहूर्तावर नेमका बसतो. त्या आठवड्यात कार्यक्रमांना जरूर जा, पण दोन संध्याकाळी शेतात काढा. चतुरांचं म्हणाल तर तोही प्रवासीच आहे. पिवळसर रंगाचे चतुर याच दिवसांत भारतातून समुद्रावर जातात. मालदीवमध्ये राहून त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडलं की ते पुढे आफ्रिकेपर्यंत जात असावेत, आणि अमूरसारख्या पक्ष्यांना समुद्रावरची शिदोरी त्यांचीच मिळत असावी. दसऱ्यानंतर मैदानावर चतुरांचे ढग दिसले की माझी मान आपोआप वर जाते.

भोवत्याच्या नोंदीबद्दल. परीक्षकाने दोनदा विचारलं, यात अपमान काहीच नाही. ते पगारी लोक नसतात, आपल्यासारखेच पक्षी बघणारे असतात आणि रात्री जेवणानंतर इतरांच्या नोंदी तपासत बसतात. तुमच्या पक्ष्याबद्दल बोलायचं तर पांढुरका भोवत्या आणि मोंटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्या आणि पिल्लं ओळखणं ही भल्याभल्यांची परीक्षा आहे. दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. दोन्ही सोयाबीनच्या धसकटांवरून कमरेएवढ्या उंचीने तरंगत जातात. फरक मानेशी आहे. पांढुरक्याच्या गालामागून एक स्पष्ट, फिकट गळपट्टी जाते आणि तिच्या मागे मानेला गडद मफलर गुंडाळल्यासारखं दिसतं. मोंटेग्यूला ती गळपट्टी नसते किंवा अगदी अस्पष्ट असते. फोटोत मान दिसत नसेल तर नोंद "पांढुरका किंवा मोंटेग्यू" अशी टाका. ई-बर्डवर तशी सोय आहे आणि तशी नोंद कमी प्रतीची मानली जात नाही.

चुकीची नोंद एवढी मोठी गोष्ट का, असं वाटत असेल तर आपल्याच भागातल्या रानपिंगळ्याची हकिकत आठवा. तो स्थलांतर करत नाही, पण दुर्मिळाच्या चर्चेत त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८७२ साली आत्ताच्या छत्तीसगडमध्ये ब्लेविट या अधिकाऱ्याला पहिला नमुना मिळाला. खानदेशातून आणखी काही आले, १८८४ नंतर खरा पुरावा एकही नाही. मात्र मायनर्ट्झहागेन नावाच्या बड्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दावा केला होता की १९१४ साली त्याने गुजरातेत मांडवीजवळ एक मारला. त्या दाव्यावर विसंबून मोठमोठी माणसं पुढे भलत्याच ठिकाणी शोधत राहिली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले तेव्हा उघड झालं की तो नमुना दुसऱ्याचा, जुना, चोरून नव्याने भरलेला होता. खोटी जागा यादीतून काढली, खऱ्या जुन्या जागांकडे मोर्चा वळवला आणि १९९७च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाउजेडी फांदीवर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटातही तो आहे हे कळलं. तुमचा भोवत्या काही खोटा नाही, पण पुढचा माणूस तुमच्या नोंदीवर विसंबून रविवार घालवणार असतो, एवढं ध्यानात असलं की परीक्षकाचा राग येत नाही.

शेवटचा प्रश्न, जायचं कुठे. इथे तुम्हाला आवडणार नाही असं उत्तर देतो. चार रविवारी चार तलाव केलेत, हीच चूक. एक जागा धरा. घरापासून वीस मिनिटांत पोचता येईल अशी, जिथे पाणी, शेत आणि चार झाडं एकत्र आहेत. मनीषनगरातून मिहानकडे, वर्धा रस्त्याला आतल्या गावांत अशी तळी आहेत. सप्टेंबर ते नोव्हेंबर दर आठवड्याला तिथेच जा, दर वेळी मोजा, वहीत तारीख टाका. शरदातला पक्षी वाटसरू असतो. एक सकाळ थांबतो, चरतो, जातो. चार तलावांना एकेकदा भेट देणाऱ्याला तो गाठ पडण्याची शक्यता कमी. दुसरं असं की दुर्मिळ म्हणजे काय ते नेहमीचं पाठ असल्याशिवाय कळत नाही. माझ्या ठरलेल्या तळ्यावर तारांवर माळभिंगऱ्या बसतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात पाच-पाचशे. एका वर्षी त्यांच्या रांगेत वेडे राघू दिसले. राघू तर आपल्याकडे पायलीला पन्नास. पण हे आकाराने मोठे होते, आवाज जाडसर, गालावर निळा पट्टा. निळ्या गालाचे राघू, उत्तर-पश्चिमेकडून आफ्रिकेला जाणारे. रोजचे राघू किती लहान असतात हे डोळ्यांत बसलेलं नसतं तर मी मान वळवली नसती. नीलपंखाचंही तसंच. आपला नीलपंख दसऱ्याला सगळ्यांना आठवतो. पण छाती विटकरी न दिसता डोक्यापासून पोटापर्यंत सलग फिकट निळी दिसली तर गाडी थांबवा. तो युरोपीय नीलपंख असू शकतो, आणि विदर्भात ती मोठी गोष्ट आहे.

आणि तुमच्या सोसायटीतला कडुनिंब. हे मी गमतीने सांगत नाही. लहान पक्षी बहुतेक रात्री उडतात आणि पहाटे जे झाड दिसेल त्यात उतरतात, त्याला शहर-जंगल असा भेद नसतो. पोळा आटोपला की नाल्याच्या काठी करडा धोबी शेपूट हलवताना दिसतो, हिवाळ्याचा पहिला निरोप्या तोच. ऑक्टोबरात निंबात पानाएवढे हिरवट पर्णवटवटे "च्वी-इट, च्वी-इट" करू लागतात. मग एखाद्या सकाळी जुन्या घड्याळाला किल्ली देताना होते तशी "टर्रर्र" ऐकू येते. ते लाल छातीचे माशीमार. यात दोन जाती मिसळतात, पश्चिमेकडची आणि सैबेरियाकडची टायगा. टायगाची चोच पूर्ण काळी, दुसऱ्याची खालची बाजू फिकट. नागपूर मधोमध असल्याचा हा फायदा. पूर्वेकडून आलेले आणि वायव्येकडून आलेले एकाच झाडात भेटतात.

याच दिवसांत नवरंग परत निघालेले असतात. पावसाळ्यात आपल्या जंगलांत वीण करून दक्षिणेकडे जाताना ते शहरावरून जातात आणि काचेच्या इमारतींना धडकतात. बाल्कनीत असा रंगीबेरंगी, शेपूट नसल्यासारखा पक्षी पडलेला सापडला तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, आत कापड, वरून झाकण, अंधारात शांत ठेवा. पुष्कळदा तासाभरात तो सावरतो. नाही सावरला तर सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्या किंवा वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. शेतात जाळी लावून लावे-तुतवार धरणारे दिसले तरी हाच क्रमांक. स्वतः भांडायला जाऊ नका.

कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना एक करून बघा. स्कोप किंवा साधी दुर्बीण तिपाईवर लावून पूर्ण चंद्रावर धरा आणि अर्धा तास नुसतं बघा. रात्री उडणारे पक्षी चंद्राच्या थाळीवरून आडवे जातात, अर्ध्या सेकंदाची काळी सावली. जात ओळखता येत नाही. मागे एका कोजागिरीला तासाभरात मी सात मोजले. सातही साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे. सौ. म्हणाली वटवाघळं असतील. दोन होतीही, ती वेडीवाकडी गेली. मी ती धरली नाहीत.

राहता राहिले राजहंस, म्हणजे पट्टकादंब. त्यांच्यासाठी पारडगाव, सायकी, माकरधोकडा हे तलाव खरेच, पण ऑक्टोबरात नाही. डिसेंबर उजाडू द्या, काठ उघडा पडू द्या, मग सकाळी सातच्या आत सूर्य पाठीशी ठेवून पोचा. मंगोलियात यांतल्या काहींच्या गळ्यात रंगीत पट्टे घालतात. असा पक्षी दिसला तर पट्ट्याचा रंग आणि त्यावरची अक्षरं-आकडे तेवढे वाचा, जवळ जाऊन थवा उठवू नका. दुरून अस्पष्ट फोटो आला तरी चालतो.

त्या सहा ससाण्यांचे फोटो मूळ आकारात पाठवा, कापून नाही. डावीकडून दुसऱ्याची मांडी तुमच्या वर्णनात "जरा लालसर" आहे, आणि इतर पाचांबद्दल तुम्ही तसं लिहिलेलं नाही. ती लाली कितपत गडद आहे, त्याच्या छातीवर ठिपके आहेत की उभ्या जाड रेघा, आणि पाय नारिंगी आहेत की पिवळे, ते मला बघायचं आहे. पाय पिवळे निघाले तर तो अमूर नाही.